गावाची खोली

गावाची खोली म्हणजे मुंबईत नोकरीधंद्यासाठी गेलेल्या एकाच गावच्या किंवा एकाच वाडीच्या पुरुषांनी वर्गणी काढून घेतलेली आणि सामाईकपणे वापरलेली चाळीतील खोली होय. हिला मंडळाची खोली किंवा बैठकीची खोली असेही म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्यांच्या वाढीबरोबर ही पद्धत रुजली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील चाकरमान्यांमध्ये ती विशेष प्रचलित होती. खोली हे केवळ निवासस्थान नव्हते. गावाच्या मुंबईतील मंडळाचे कार्यालय, नवख्या तरुणाचा पहिला पत्ता, भजनाची जागा आणि गावाकडे पैसा व माल पाठविण्याचे ठिकाण अशी अनेक कामे ती करीत असे. १९८२ च्या गिरणी संपानंतर आणि चाळींच्या पुनर्विकासामुळे या खोल्यांची संख्या घटत गेली आहे.

पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी व भायखळा या भागांत गिरण्यांची दाटी झाली आणि या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले. गिरण्यांना लागणारे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणात कोकणातून आले. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे कामगार तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा मोठा भाग त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच होता.

कोकणातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आणि जमिनीचे तुकडे लहान. भाताचे एक पीक घरची वर्षभराची गरज भागवीत नसे, आणि शेतसारा व सावकाराचे देणे रोख रकमेत द्यावे लागे. त्यामुळे घरातील एक-दोन पुरुषांनी मुंबईस जावे आणि बायकामुले व वडीलधाऱ्यांनी गावी राहून शेती सांभाळावी, अशी विभागणी झाली. परिणामी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. एकट्या कामगाराला स्वतंत्र खोलीचे भाडे परवडत नसे आणि कुटुंब आणणे त्याहून अवघड होते. गावाची खोली ही या अडचणीतून निघालेली वाट होती.

रचना व कारभार

खोली साधारणपणे एका चाळीतील एकच दालन असे. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड (सध्याचा ना. म. जोशी मार्ग) येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. खासगी मालकांच्या अनेक चाळींतील खोल्या याहूनही लहान होत्या. अशा एका खोलीत वीस-पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे राहत. हे शक्य झाले ते गिरणीतील पाळ्यांमुळे. दिवसपाळीची माणसे बाहेर पडली की रातपाळीची माणसे येऊन झोपत. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. भिंतीलगत पेट्यांची रास आणि दोरीवर कपडे हे खोलीचे नेहमीचे रूप असे. उन्हाळ्यात बरीच माणसे गॅलरीत, गच्चीवर अथवा रस्त्याच्या कडेला झोपत.

खोलीचा खर्च मासिक वर्गणीतून भागे. जमाखर्चाची वही ठेवली जाई आणि अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार निवडले जात. नव्याने आलेल्या तरुणाला नोकरी लागेपर्यंत वर्गणीत सवलत देण्याचा प्रघात होता. त्याला गिरणीत चिकटविण्याचे कामही बहुधा खोलीतीलच कोणी मुकादमाच्या ओळखीने करी. आजारपण, मृत्यू किंवा बेकारी आल्यास वर्गणी जमवून मदत केली जाई. मद्यपान, जुगार व भांडणे यांबाबत नियम असत. ते मोडणाऱ्यास दंड होई किंवा पेटी उचलण्यास सांगितले जाई. गावातील वाद मुंबईत आणि मुंबईतील वाद गावात अशा दोन्ही ठिकाणी ते सुटत वा चिघळत, कारण दोन्हीकडची माणसे तीच होती.

जेवणाची सोय खोलीत क्वचितच असे. बहुतेक माणसे खानावळीत जेवत. कामगारांच्या बायका, विशेषतः विधवा व बेकार कामगारांच्या पत्नी, आपल्या घरीच दहा-वीस माणसांचा स्वयंपाक करीत आणि महिन्याला पैसे घेत. किराणा उधारीवर व सावकारी व्याजावर चालणाऱ्या या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

सांस्कृतिक जीवन

आठवड्याच्या सुट्टीला खोलीत भजन होई. भजनाच्या दोन बुवांमधील सामना, म्हणजे डबलबारी, हा सिंधुदुर्गातील चाकरमान्यांचा आवडता प्रकार असून त्याचे मोठे कार्यक्रम मुंबईत आजही होतात. दशावतार, नमन व जाखडी यांच्या तालमी खोल्यांतून आणि चाळींच्या आवारातून होत. परळ येथील सोशल सर्व्हिस लीगचे दामोदर नाट्यगृह हे कोकणी कामगारांच्या नाट्यप्रयोगांचे प्रमुख केंद्र होते. मंडळे वार्षिक प्रयोग करून तिकीटविक्रीतून गावच्या कामासाठी निधी उभारीत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची इमारत, विहीर, साकव आणि स्मशानशेड अशा कामांवर हा निधी खर्च होई.

वैभववाडी परिसर

वैभववाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्ह्याची ओळख समुद्रकिनाऱ्याशी जोडलेली असली, तरी या तालुक्याला किनारा नाही. करूळ व भुईबावडा हे दोन घाट येथून गगनबावड्यास व पुढे कोल्हापूरकडे जातात, तर पश्चिमेस तळेरे येथे मुंबई-गोवा महामार्ग गाठता येतो. रस्ते होण्यापूर्वी या भागातील मुंबईकर खारेपाटणपर्यंत चालत, तेथून खाडीमार्गे विजयदुर्गास आणि मग आगबोटीने मुंबईस जात. पावसाळ्यात बोटी बंद असत, म्हणून गावी येण्या-जाण्याचे वेळापत्रक ऋतूवर ठरे. पुढे एसटीची रातराणी हे मुख्य साधन झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर वैभववाडी रोड स्थानकामुळे हा प्रवास एका रात्रीचा झाला.

तालुक्याच्या बाजारपेठेवर या स्थलांतराचा ठसा स्पष्ट दिसतो. उंबर्डे, भुईबावडा, कोकिसरे, नाधवडे यांसारख्या गावांतील कुटुंबांचा रोख व्यवहार दीर्घकाळ मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर चाले. दुकानदार वर्षभर उधारीवर माल देई आणि चाकरमानी गणपतीला किंवा मे महिन्यात आला की हिशेब चुकता होई. चाकरमानी येताना कापड व भांडी आणी. परतताना तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, काजूगर, फणसाचे तळलेले गरे अशी शिदोरी खोलीवर जाई. गावी कोणी येणार-जाणार असले की त्याच्याजवळ खोलीतील प्रत्येकाचे एक गाठोडे असे. निरोप, औषध आणि पैसे याच मार्गाने पोहोचत.

गणेशचतुर्थीचा बाजार या नात्याचे उत्तम उदाहरण आहे. सिंधुदुर्गात गणपतीच्या मूर्तीवर लाकडी चौकट टांगून तिला रानातील फळाफुलांनी सजवितात. तिला माटवी म्हणतात. तेरडा, कळलावी, हरणाची फुले, कवंडळे, शेरवडे, सुपारी व नारळाची शहाळी असे साहित्य रानातून व परसातून गोळा करून ग्रामीण स्त्रिया चतुर्थीपूर्वीच्या बाजारात विकतात. मुंबईहून आदल्या दिवशी पोहोचलेल्या, रानात जाण्यास वेळ नसलेल्या कुटुंबांमुळे या विक्रीला गिऱ्हाईक मिळते. दसरा-दिवाळीत झेंडूची फुले घाटावरून येतात. भाजीपाला व गूळही त्याच रस्त्याने उतरतो. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की बाजारपेठेतील आवक लगेच घटते.

घराभोवतीच्या फुलझाडांची स्थितीही स्थलांतराशी निगडित आहे. जास्वंद, तगर, अबोली, मोगरा, अनंत व सोनचाफा ही परसातील नेहमीची झाडे. त्यांची फुले प्रथम देवपूजेला आणि उरल्यास गजऱ्याला लागतात. पुरुष मुंबईत असताना परसबाग व तिची शिंपणी स्त्रियांकडे असे. नंतरच्या काळात संपूर्ण कुटुंबे शहरात गेल्याने अनेक घरे वर्षातील दहा-अकरा महिने बंद असतात. अशा घराच्या अंगणातील झाडांची फुले शेजारी देवासाठी नेतात आणि त्या बदल्यात झाडांवर व घरावर लक्ष ठेवतात.

जातिव्यवस्था व स्त्रिया

खोलीमुळे गावाची एकजूट शहरात टिकली, पण गावातील विषमताही तिच्याबरोबर आली. एका गावाच्या खोल्या बहुधा जातीनुसार वेगळ्या असत आणि दलित कामगारांना सवर्णांच्या खोलीत प्रवेश नसे. त्यांनी आपल्या स्वतंत्र खोल्या व पंचायती उभारल्या. या गावनिहाय संघटनेचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीला गिरणगावात मोठा उपयोग झाला. स्वतः आंबेडकरही परळच्या चाळीत दीर्घकाळ राहिले होते.

स्त्रियांना खोलीत राहता येत नसे. लग्न झालेला माणूसही वर्षातून एक-दोनदाच गावी जाई. शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले यांचा भार गावातील स्त्रीवर पडे. या व्यवस्थेचा माग लोकसंख्येच्या आकड्यांत अजून सापडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, तर सिंधुदुर्गात १,०३६ आणि रत्नागिरीत १,१२२. त्याच जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मधील ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत घटल्याचे दिसून आले.

संप आणि ऱ्हास

संपकाळात खोली व गाव यांचा आधार निर्णायक ठरे. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात अनेक कामगार गावी परतून शेतीवर राहिले आणि त्यामुळे संप लांबविता आला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपातही सुमारे अडीच लाख कामगारांपैकी अनेकांनी हीच वाट धरली. या वेळी मात्र बरेच जण परत येऊ शकले नाहीत. अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. ज्यांना शहरात दुसरे काम मिळाले ते रखवालदार, शिपाई, हॉटेल कामगार झाले. कुटुंबासह राहू इच्छिणारे लोक विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली येथे गेले आणि खोलीतील राबता कमी झाला.

मालकीचा प्रश्न

खोली सर्वांची असली तरी भाडेपावती सामान्यतः एकाच व्यक्तीच्या नावे असे. चाळमालक समूहाशी करार करीत नसे आणि गावकऱ्यांनाही विश्वासापुढे कागदाची गरज वाटली नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे खोली टिकविणे स्वस्त राहिले. परंतु भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो, ही कायद्याची चौकट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही कायम आहे. गावकरी या नात्याला तिच्यात स्थान नाही.

खोलीचे बाजारमूल्य नगण्य होते तोवर हा दोष कोणास जाणवला नाही. पुनर्विकासात जुन्या भाडेकरूस नवी सदनिका मिळू लागली (बीडीडी चाळींच्या प्रकल्पात ती ५०० चौरस फुटांची आहे) तेव्हा प्रश्न उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी भरणारे गावकरी आणि पावतीवरील व्यक्तीचे वारस यांचे दावे परस्परविरोधी ठरतात. संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली नोंदणी करून खोली मंडळाच्याच नावे करून घेणाऱ्या गावांची स्थिती तुलनेने सुरक्षित असते. अन्य ठिकाणी जुन्या वह्या, वर्गणीच्या पावत्या व सभांची इतिवृत्ते हाच गावाचा पुरावा उरतो. काही मंडळांनी खोली विकून आलेली रक्कम गावच्या कामासाठी वापरली आहे. काहींनी ती सभासदांच्या मुलांना शिक्षण व परीक्षांसाठी, तसेच उपचारासाठी आलेल्या गावकऱ्यांना उतरण्यासाठी राखली आहे.

तत्सम संस्था

गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या मुंबईतील कूड या क्लबांचे स्वरूप गावाच्या खोलीशी मिळतेजुळते आहे. धोबी तलाव व माझगाव भागांत गावनिहाय असलेल्या या क्लबांत जहाजावर नोकरी करणारे गोवेकर दोन सफरींच्या मधल्या काळात राहत. धोबी तलाव येथील जेर महाल या इमारतीत असे अनेक क्लब आहेत. सायंकाळची सामूहिक प्रार्थना हा तेथील शिस्तीचा भाग होय. पश्चिम महाराष्ट्रातील माथाडी कामगारांमध्ये अशा सामाईक निवासाला गाळा म्हणतात. चीनमधील शहरांत एका प्रांताच्या व्यापाऱ्यांनी उभारलेली ह्वेइग्वान सभागृहे आणि न्यूयॉर्कमध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांनी स्थापन केलेली गावनिहाय मंडळे ही याच प्रवृत्तीची अन्य उदाहरणे आहेत.

हे सुद्धा पहा

चाकरमानी
गिरणगाव
बीडीडी चाळ
१९८२ चा गिरणी संप
वैभववाडी तालुका