कॅरोलिना शाउट

मैत्रिणींनो, आज ‘कॅरोलिना शाउट’ ही पियानोची धून ऐकू. अमेरिकेच्या दक्षिण भागातून पोटासाठी न्यूयॉर्कला आलेली कृष्णवर्णीय बाया-माणसं रात्री गावाकडचे नाच करायची. शाउट म्हणजे मुळात फेर धरून, पाय घासत केलेला भक्तीचा नाच. पियानोवर जेम्स जॉन्सन असायचे. त्यांनी या नाचणाऱ्यांसाठीच धून बांधली. डावा हात खालचा जाड सूर, मग वरचा स्वरांचा झुबका, अशा ढांगा टाकतो. म्हणून या वादनाला स्ट्राइड, म्हणजे लांब ढांग, म्हणतात. उजवा मात्र हुंदडतो! १९२१ साली तबकडी निघाली. छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानोही तेव्हा होते. जॉन्सन यांची गुंडाळी तरुण ड्यूक एलिंग्टन यांनी हळू चालवली, दबणाऱ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली आणि धून शिकून घेतली.