घाटात धाप लागणारी गाडी

वीस वर्षे टोमॅटोच्या कॅरेटांखाली राबलेली आमची पिकअप कल्याणहून खताची पोती घेऊन माळशेज घाट चढू लागली की, इंजिनाची गती मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या घरात जाताच धक्के खाई, पाय सैल केला की सावरे, आणि पाच मिनिटे रस्त्याकडेला विसावली की काही घडलेच नाही अशा निरागसपणे मार्गस्थ होई. या एका तक्रारीपायी डिझेल फिल्टर दोनदा बदलला, नोझल काढून तपासून घेतले, बिलांची फाईल फुगली. व्याधी मात्र कायम.

अखेरीस आळेफाट्याच्या एका वृद्ध मिस्त्रींपुढे गाडी रुजू केली. बॉनेट उघडण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारले, "अडकती तवा धूर कसला मारती?" धूर मुळीच नाही, असे सांगताच म्हणाले, "मग तेलच कमी पडतंय." एअर फिल्टर तुंबला असता तर न जळालेल्या डिझेलचा काळा धूर निघालाच असता.

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा डिझेल लागते. म्हणजे ७५० फेऱ्यांच्या मंद गतीत चार सिलिंडरांची मिळून मागणी सेकंदाला २५ घोटांची, तर ३००० वर १०० घोटांची, आणि चढणीवर ओझ्यामुळे तो प्रत्येक घोटही मोठा. गॅरेजच्या दारात रिकामी गाडी रेस करून पाहणाऱ्यांना दोष दिसावा तरी कसा!

म्हणून पोती तशीच ठेवून आम्ही आणे घाटाचा पायथा गाठला. तेथे मिस्त्रींनी दोन लिटरची डिझेलने भरलेली बाटली सायलेन्सरपासून दूर तारेने बांधली, टाकीकडून येणारी नळी सोडवून फीड पंपाला बाटलीतून पुरवठा जोडला, परतीची नळीही तिच्यातच सोडली. आणि ज्या गाडीने मला महिनाभर छळले होते ती एकही आचका न देता घाट चढून गेली. पंप, फिल्टर, नोझल असे सारे संशयित त्या बाटलीने एका फटक्यात निर्दोष सुटले.

उरला टाकीपासून पंपापर्यंतचा मुलूख. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडून पाहिला, तर त्यात हवेचा एक बुडबुडा नाही. टाकीतली जाळी स्वच्छ. राहिली ती रबराची नळी, जी मी स्वतः पंपाच्या टोकाकडून फुंकर मारून निर्वेध ठरवली होती. मिस्त्रींनी ती ब्लेडने उभी चिरली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या नळीचे आतले अस्तर सुटून जिभेसारखे लोंबत होते: डिझेल सावकाश ओढले जाई तोवर ती जीभ बाजूला पडून राही, ओढ वाढली की आडवी येऊन वाट बंद करी, आणि इंजिन थांबले की पुन्हा सैल पडे. माझी फुंकर उलट दिशेची असल्याने तिने जिभेला भिंतीशी चेपून ठेवले होते. फिर्यादीनेच आरोपीला दाखला देण्याचा हा प्रकार.

नवी नळी बसवून क्लिपा आवळायला दहा मिनिटेही लागली नाहीत. चिरलेली नळी मी आठवण म्हणून मागितली.

"न्या की," मिस्त्री म्हणाले, "पण परतीची नळीबी त्याच वयाची हाय," आणि पुन्हा गाडीखाली सरकले.