खिलार, शर्यत आणि अहिंसाणुव्रत

अलास्कात बर्फावरची गाडी ओढण्यासाठी हस्की कुत्र्यांची पैदास झाली. आपल्या सांगोला-आटपाडीच्या माणदेशात कमी चाऱ्यावर तग धरणारे चपळ खिलार बैल जोपासले गेले. दोन्हीकडे कामाच्या जनावरांतूनच शर्यत उभी राहिली. धावण्याची ओढ त्यांच्या रक्तात आहे, हे खरे. परंतु थांबण्याचा निर्णय त्यांच्या हाती नसतो.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती वैध ठरविली. नियमभंगास ५ लाख रुपयांपर्यंत दंड वा ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

ट्रॅक्टर आल्यानंतर शर्यतीविना खिलार कोण पाळणार, हा पशुपालकांचा प्रश्न पोकळ नाही. तथापि बंध, वध म्हणजेच ताडन, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार गोठ्यालाही लागू पडतात. कायदा प्रामुख्याने शर्यतीच्या दिवशी पाहतो. व्रत त्यानंतरही पाहते. हरलेल्या आणि थकलेल्या बैलाच्या दावणीत वैरण पडते का, यावरच आपल्या पशुप्रेमाची खरी परीक्षा व्हावी.