युद्धकालीन सैनिकांच्या कौटुंबिक छायाचित्रांतील व्यक्तींची ओळख

जुन्या कौटुंबिक छायाचित्रात लष्करी गणवेशात दिसणारी व्यक्ती कोण, ती कोणत्या पलटणीत होती आणि छायाचित्र साधारण केव्हाचे, हे उपलब्ध पुराव्यांवरून ठरवण्याचे काम कौटुंबिक इतिहासाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातून पहिल्या (१९१४–१८) व दुसऱ्या (१९३९–४५) महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यात गेलेल्या सैनिकांच्या छायाचित्रांचा विचार केला आहे. गणवेशावरून बहुधा काळ व पलटण कळते, नाव कळत नाही. नाव निश्चित करण्यासाठी स्वतंत्र पुरावा लागतो.

पार्श्वभूमी

सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांतून दोन्ही महायुद्धांत मोठ्या प्रमाणावर सैन्यभरती झाली. पहिल्या महायुद्धात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियातील कूत येथे वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली आणि अनेक भारतीय सैनिक बंदिवासात गेले. बसरा येथील स्मारकावर भारतीय शिपायांची नावे न कोरता पलटणनिहाय केवळ संख्या नोंदवण्यात आली. महाराष्ट्रातील काही गावांत बसवलेल्या स्मृतिशिलांवरही गावातून किती माणसे युद्धावर गेली व किती मरण पावली, एवढेच आढळते. अशा सैनिकाचा चेहरा घरातील छायाचित्राखेरीज अन्यत्र क्वचितच सापडतो.

गणवेश व चिन्हे

खांद्यावरील पितळी अंक व अक्षरे हा पलटण ओळखण्याचा सर्वांत उपयुक्त पुरावा होय. १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ हे मराठा पलटणींचे क्रमांक १९०३ ते १९२२ या काळातील आहेत. १९२२च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत समाविष्ट झाल्या. त्यामुळे खांद्यावर '१०५' वाचता आल्यास ते छायाचित्र दुसऱ्या महायुद्धातील मानता येत नाही. बिगुलाचे चिन्ह मराठा पलटणींत आढळते, परंतु ते इतर लाइट इन्फंट्री पलटणींतही असल्याने एकटे पुरेसे नसते. १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभारली गेली व १९२१ मध्ये विसर्जित झाली, तर महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगाव येथे स्थापन झाली.

बाहीवरील एक फीत लान्स नाईक, दोन फिती नाईक आणि तीन फिती हवालदार हा हुद्दा दर्शवतात. हुद्दा बदलत असल्याने एकाच सैनिकाच्या दोन छायाचित्रांचा क्रम लावण्यास त्याची मदत होते.

पदके

नाव शोधण्यासाठी छायाचित्रापेक्षा घरात जपलेले मूळ पदक अधिक मोलाचे ठरते. पहिल्या महायुद्धातील '१९१४–१५ स्टार'च्या मागील बाजूस, तर ब्रिटिश वॉर मेडल व व्हिक्टरी मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. ब्रिटिश वॉर मेडल सामान्यतः चांदीचे असे. भारतीय मजूर तुकड्या व अनुचर यांना ते कांस्याचे दिले गेले. दुसऱ्या महायुद्धातील पदके ब्रिटनमध्ये नावाविना वितरित झाली, मात्र भारतीय सैनिकांच्या पदकांवर नावे कोरली गेली.

छायाचित्रावरून पदकाच्या फितीचा रंग ठरवताना सावधगिरी आवश्यक असते. त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा व फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ संवेदनशील नसत. त्यामुळे तांबडा रंग काळा, तर निळा फिकट उमटे. तसेच पदके उजव्या छातीवर आणि गुंड्याही उलट बाजूस दिसल्यास छायाचित्र उलटे छापले गेले असण्याची शक्यता तपासावी लागते.

मागील मजकूर व कुटुंबातील नावे

छायाचित्राच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, टपालाची खूण किंवा हस्ताक्षर आढळू शकते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असा मजकूर मोडी लिपीत असू शकतो. त्यामुळे तो रेघोट्या समजून दुर्लक्षित न करता जाणकाराकडून वाचून घेणे इष्ट असते. शक वर्ष दिलेले असल्यास त्यात ७८ मिळवून इसवी सनाचे वर्ष साधारणपणे काढता येते.

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच घराण्यात तेच नाव एका पिढीआड येते. दोन्ही महायुद्धांत सैनिक असलेल्या घरात यातून हमखास गोंधळ होतो. स्त्रियांचे नाव विवाहानंतर बदलत असल्याने माहेरच्या व सासरच्या छायाचित्रांत एकच स्त्री दोन नावांनी नोंदलेली असू शकते. पत्नी एका छायाचित्रात कुंकू लावलेली व दुसऱ्यात कुंकवाविना दिसत असल्यास पतीचा मृत्यू त्या दोहोंच्या दरम्यान झाला असावा, असे अनुमान काढता येते. मात्र छायाचित्र अस्पष्ट असल्यास हा पुरावा दुबळा ठरतो.

अभिलेख

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत मृत सैनिकाचे नाव, क्रमांक, पलटण व मृत्युदिनांक मिळतो. काही नोंदींत वडिलांचे नाव व गावही असते. रोमन लिपीतील लेखनभेदामुळे सावंत, जाधव, घाडगे यांसारखी आडनावे अनेक प्रकारे शोधावी लागतात. या नोंदी केवळ युद्धकाळात मृत्यू पावलेल्यांच्या असल्याने परत आलेल्या सैनिकाचे नाव तेथे न मिळणे हा विरुद्ध पुरावा ठरत नाही. अशा सैनिकांबाबत निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सेवापुस्तिका आणि वृद्ध नातेवाइकांच्या आठवणी हाच मुख्य आधार असतो.

मर्यादा व नोंद

चेहऱ्यातील साम्य हा सर्वांत दुबळा पुरावा मानला जातो, कारण भाऊ व चुलतभाऊ अनेकदा एकसारखे दिसतात. मृत्यूनंतर मोठ्या आकारात करून घेतलेल्या रंगवलेल्या तसबिरींत चित्रकाराने गणवेश वा पदके भरलेली असू शकतात, म्हणून अशा तसबिरीची मूळ छायाचित्राशी तुलना करावी लागते.

चुकीचे नाव एकदा छायाचित्राखाली लिहिले गेले की त्याच्या प्रती नातेवाइकांत पसरतात आणि खऱ्या सैनिकाची ओळख झाकली जाते. यासाठी 'निश्चित', 'संभाव्य' व 'अज्ञात' असे वर्ग करून प्रत्येक नावापुढे ते कोणी व कशावरून सांगितले याची नोंद ठेवणे उपयुक्त ठरते. वृद्धांना छायाचित्र दाखवताना नाव आधी न सुचवता प्रत्येकास स्वतंत्रपणे विचारल्यास एकाच्या उत्तराचा प्रभाव दुसऱ्यावर पडत नाही. ही माहिती मूळ छायाचित्रावर शाईने न लिहिता त्याच्या प्रतीसोबत ठेवली जाते. कागदपत्रे कालांतरानेही सापडू शकतात, परंतु सैनिकास प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांची साक्ष त्यांच्या हयातीतच मिळू शकते. म्हणून अभिलेखांच्या शोधाआधी ती नोंदवून घेणे श्रेयस्कर असते.