दादरचे भौतिकशास्त्रज्ञ, नाना चौकातील शाळा

ग्रँट रोड स्थानकाच्या पश्चिमेला नाना शंकरशेट यांच्या नावाचा चौक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, एतद्देशीयांना शिक्षण इंग्रजीतून द्यावे की त्यांच्या भाषेतून, असा वाद मुंबईत रंगला तेव्हा नानांनी देशी भाषांचा पक्ष हिरिरीने मांडला होता. त्यांच्याच नावाच्या या चौकातील महापालिकेच्या एका शाळेत १९७४ साली एका नव्या संस्थेचे काम सुरू झाले. ही संस्था म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. अणूच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या कुलाब्याच्या संस्थेला पालिकेच्या शाळेत शिरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न अनेकांना पडला असेल. त्याचे उत्तर ज्यांच्या चरित्रात सापडते, ते या केंद्राच्या संस्थापकांपैकी एक, सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ प्रा. भालचंद्र माधव उदगावकर.

उदगावकर मूळचे दादरचे. १४ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचा जन्म झाला. हिंदू कॉलनीतील तेव्हाच्या किंग जॉर्ज, म्हणजे पुढे राजा शिवाजी विद्यालय झालेल्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९४९ साली ते टीआयएफआरमध्ये दाखल झाले. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेली ही संस्था मुंबईत प्रथम पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात होती आणि १९४९च्या सुमारास ती गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आली. कुलाब्याच्या टोकावरील आजच्या वास्तूचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२च्या जानेवारीत झाले. देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम तेव्हा बाल्यावस्थेत होता. ‘अप्सरा’ ही पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. तरुण उदगावकरांची सुरुवातीची वर्षे अणुभट्टीच्या सिद्धान्ताच्या कामात गेली. पुढे मात्र ते मूलकणांच्या भौतिकीकडे वळले.

प्रोटॉनची ‘रुंदी’ कशी मोजतात?

सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ नेमके करतो काय? त्याच्यापाशी प्रयोगशाळा नसते. इतरांनी केलेल्या मोजमापांमागे कोणता नियम दडला आहे, हे तो गणिताच्या साह्याने शोधतो आणि त्या नियमावरून अजून न झालेल्या मोजमापाचे भाकीत करतो. भाकीत खोटे ठरले तर नियम बदलावा लागतो.

उदगावकरांनी हाताळलेला प्रश्न कणांच्या टकरींचा होता. प्रोटॉन डोळ्यांनी दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत ठेवलेल्या वस्तूवर चेंडू फेकत राहावे आणि किती चेंडू आदळले यावरून तिची रुंदी ताडावी, तसा हा प्रकार. वेगवान कणांचा झोत प्रोटॉनवर सोडायचा आणि किती कण आदळतात ते मोजायचे. त्यावरून मिळणाऱ्या परिणामी क्षेत्रफळाला ‘काटछेद’ म्हणतात. ते मिलिबार्न या एककात सांगतात. एक चौरस सेंटिमीटरचे दहा वेळा शंभर कोटी तुकडे करावेत, पुन्हा त्यातील प्रत्येकाचे एकावर सतरा शून्ये इतके तुकडे करावेत, तेव्हा कुठे एक मिलिबार्न हाती लागतो. १९६०च्या सुमारास प्रोटॉन-प्रोटॉन टकरीचा काटछेद सुमारे ४० मिलिबार्न भरत होता. टकरीची ऊर्जा वाढवली तरी त्यात फारसा फरक पडत नव्हता. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन यांच्या टकरीचा काटछेद त्याहून मोठा होता, पण ऊर्जा वाढेल तसा तो खाली येत होता. हे आकडे असे एकमेकांजवळ का सरकतात?

इटालियन शास्त्रज्ञ तुलिओ रेज्जे यांनी १९५९ साली मांडलेली एक गणिती कल्पना या ठिकाणी उपयोगी पडली. दोन कण एकमेकांवर परिणाम करतात तेव्हा त्यांच्यात तिसऱ्या कणाची देवाणघेवाण होते, असे मानले जात होते. रेज्जे यांच्या कल्पनेचा विस्तार झाल्यावर चित्र बदलले. एकेका कणाऐवजी वाढत्या वस्तुमानाच्या आणि वाढत्या परिवलनाच्या कणांची अख्खी कुळेच या देवाणघेवाणीत भाग घेतात, असे दिसू लागले. अशा प्रत्येक कुळामागे गणितातला एक ‘रेज्जे ध्रुव’ असतो. त्या वेळी अमेरिकेत बर्कले येथील जेफ्री च्यू यांच्या वर्तुळात या कल्पनेवर झपाट्याने काम चालू होते आणि उदगावकर त्यात सामील होते. काटछेद आपल्या अंतिम मूल्याकडे कसकसे सरकतात, याचा रेज्जे ध्रुवांच्या आधारे माग घेणारा त्यांचा निबंध १९६२ साली ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मरे गेल-मान यांच्यासह लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी हाच विचार एकट्या प्रोटॉनवरून संपूर्ण अणुकेंद्राकडे नेला. गेल-मान यांनी १९६४ साली क्वार्कची कल्पना मांडली आणि १९६९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विज्ञानात अखेरचा शब्द निसर्गाचा असतो, याचा प्रत्यय याही विषयात आला. काटछेद स्थिर होतो, हा समज १९७३ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतील मोजमापांनी मोडीत काढला. अतिउच्च ऊर्जेला तो पुन्हा वाढू लागतो. २०११ नंतर ‘सर्न’च्या महाकाय त्वरकात तो १०० मिलिबार्नच्या आसपास भरला. क्वार्कचा सिद्धान्त प्रस्थापित झाला, तरी अशा टकरींचे वर्णन करताना शास्त्रज्ञांना रेज्जे यांच्या भाषेचा आधार आजही घ्यावा लागतो.

नापासांचा प्रश्न

१९६०च्या दशकाच्या अखेरीस टीआयएफआरमधील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांमधून विज्ञान कसे शिकवले जाते, हे पाहू लागले. उदगावकर त्यांत अग्रभागी होते. परळ, लालबाग, भायखळ्याच्या गिरणगावात पालिकेची शाळा हीच कामगाराच्या मुलाची पहिली आणि बहुधा एकमेव संधी असे. त्या शाळांत विज्ञान म्हणजे खडू, फळा आणि घोकंपट्टी. प्रयोग मुलांच्या हाती द्यावेत, साधने स्वस्त व साधी असावीत, हा विचार या कामातून पुढे आला. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झालेल्या प्रसिद्ध विज्ञान शिक्षण कार्यक्रमालाही टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांचे साह्य लाभले. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने उभ्या राहिलेल्या होमी भाभा केंद्राने हेच काम संशोधनाच्या पातळीवर नेले. केंद्राची धुरा टीआयएफआरमधीलच व्ही. जी. कुलकर्णी यांनी दीर्घकाळ वाहिली.

प्रश्न असा होता, की पालिकेच्या शाळेतील मूल विज्ञानात नापास होते, ते कशामुळे? बुद्धी कमी, घरी वातावरण नाही, अशी उत्तरे समाजाजवळ तयार होती. पण अनेक कारणे एकत्र गुंतलेली असतील, तर बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, ही शास्त्राची रीत. केंद्राने पाठ्यपुस्तकाची भाषा बदलली. उदाहरणार्थ, ‘पदार्थाद्वारे व्याप्त अवकाशास त्याचे आकारमान असे संबोधण्यात येते’ या धाटणीच्या वाक्याऐवजी ‘वस्तू जेवढी जागा व्यापते तेवढे तिचे आकारमान’ असे लिहावे. दोन्ही वाक्ये मराठीच. परंतु पहिले वाक्य चाळीतील मुलाने घरी वा रस्त्यावर कधी ऐकलेले नसते. भाषा सोपी केल्यावर मुलांचे आकलन सुधारले, इतकेच नव्हे तर ती वर्गात बोलू लागली, प्रश्न विचारू लागली, असे या अभ्यासात आढळले.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी केंद्राने आणखी एक पाऊल उचलले. पालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले आठवीत निवडून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत मार्गदर्शन दिले. त्यांच्या निकालांतील सुधारणा लक्षणीय होती. ही मुले मागे पडतात ती उपजत कुवतीमुळे, हा समज त्यापुढे टिकण्यासारखा नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातील असंख्य घरांची मिळकत थांबली. बापाची गिरणीतील जागा मुलाला मिळण्याची वाट त्यानंतर बंद होत गेली. शालान्त परीक्षा उत्तीर्ण होणे ही आता त्या घरांच्या पोटापाण्याची गोष्ट झाली होती.

भाषेचा हा धडा उदगावकरांनी शाळेबाहेरही नेला. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी १९८०च्या दशकात भूषविले. १९८५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २१ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

होमी भाभा केंद्र आता मानखुर्दच्या प्रशस्त आवारात आहे आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडसाठी देशभरातील मुलांची निवड व तयारी तेथे होते. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. पालिकेच्या मराठी शाळांचा पट मात्र गेल्या काही दशकांत ओसरत गेला आहे. मूल इंग्रजी माध्यमात घातले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या पालकांनी नाना चौकातील ते संशोधन ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याच भाषेतले अवघड वाक्य मुलाला गप्प बसवू शकत असेल, तर घरात कधीही न बोलली जाणारी भाषा त्याचे काय करीत असेल, याचे मोजमाप कोणी तरी करायला हवे.