गॅलरीतील लिंबाचे बोन्साय : निगा आणि पथ्ये

ठाणे-भिवंडी रस्त्यावरील काल्हेर परिसर गोदामे आणि उंच गृहसंकुले यांनी भरून गेला आहे. अंगण नसलेल्या अशा घरांत झाडाची हौस गॅलरीतच भागवावी लागते. उथळ कुंडीतले, पिवळ्या फळांनी लगडलेले लिंबाचे बोन्साय म्हणूनच मोह घालते. मात्र रोपवाटिकेतून हौसेने आणलेले हे झाड पुष्कळदा पहिल्या पावसाळ्यातच दगावते. याचे कारण आपल्या मनातील एका गैरसमजात आहे.

बोन्साय म्हणजे उपाशी ठेवून खुजे केलेले झाड नव्हे. ‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लागवड, असा या जपानी शब्दाचा अर्थ आहे. मुळांची व फांद्यांची वेळोवेळी छाटणी करून झाडाचा आकार मर्यादित ठेवला जातो. अन्न, पाणी आणि ऊन मात्र त्याला पुरेसे द्यावेच लागते. दिवाणखान्यातील शोभेची वस्तू म्हणून लिंबू जगत नाही. त्याला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. दक्षिणेकडील किंवा पश्चिमेकडील गॅलरी त्यासाठी योग्य; उत्तरेकडील गॅलरीत फुलांची आशा धरू नये.

जातीची निवडही विचारपूर्वक करावी. छाटणीने पाने लहान होतात, फळे मात्र होत नाहीत. त्यामुळे मोसंबी वा संत्र्यापेक्षा कागदी लिंबू, कॅलमोंडिन किंवा कुमक्वाट बोन्सायला शोभतात. बियांपासून केलेल्या रोपाला फळ धरण्यास अनेक वर्षे लागतात. कलमाला ती लवकर येतात.

लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांना साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. कुंडीला मोठी छिद्रे असावीत आणि माती भुसभुशीत असावी. लाल माती, जाड रेती वा विटांचे बारीक तुकडे आणि चांगले कुजलेले शेणखत समप्रमाणात घेतल्यास निचरा उत्तम होतो. कुंडीखाली बशी ठेवून तीत पाणी साचू देऊ नये. दर दोन वर्षांनी, नव्या पालवीच्या तोंडावर म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास, कुंडी बदलून साधारण एक तृतीयांश मुळे छाटावीत. तारेने वळण द्यायचे ते कोवळ्या फांद्यांना. जून फांद्या कडकन मोडतात. तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी.

एप्रिल-मेमध्ये उथळ कुंडी झपाट्याने तापते. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. रस्त्यावरील अवजड वाहनांमुळे पानांवर धूळ बसत असल्यास ती आठवड्यातून एकदा धुवावी. बोअरवेलचे जड पाणी सतत दिल्यास मातीतील लोह झाडाला मिळेनासे होते. शिरा हिरव्या राहून नवी पाने पिवळी पडतात. अशा वेळी चिलेटेड लोहाची फवारणी उपयोगी पडते.

खरी कसोटी असते ती जून ते सप्टेंबरची. कोकणपट्टीतील संततधारेत माती सुकतच नाही. जुलैमध्ये पाने मलूल दिसली की तहान लागली असे समजून आपण आणखी पाणी घालतो आणि तिथेच घात होतो. माती ओली असूनही पाने मान टाकत असतील, तर मुळे कुजू लागली आहेत, असे समजावे. बोट दोन सेंटिमीटर खोल घालून माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. कुंडी उजेडाच्या पण पागोळ्या न पडणाऱ्या जागी सरकवावी. पाने गळाली तरी लगेच आशा सोडू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडल्यास आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे.

याच दिवसांत पानांवर खरखरीत तपकिरी ठिपके पाडणारा खैऱ्या रोग पसरतो. रोगट फांद्या कापून टाकाव्यात आणि लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून फवारावे. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरील फुलपाखराची होय. लहानशा झाडाची पाने ती पाहता पाहता फस्त करते. ती हाताने वेचणे हाच उत्तम उपाय. खाण्याच्या फळांवर तीव्र कीटकनाशके टाळावीत.

बागाईतदार बहार धरण्यासाठी झाडाला पाण्याचा ताण देतात. कुंडीतल्या निरोगी झाडालाही पावसाळ्यानंतर पाने किंचित मलूल होईपर्यंत, म्हणजे काही दिवसच, ताण देता येतो. नंतर हळूहळू पाणी वाढवून सौम्य खत दिले की पांढरी सुगंधी फुले येतात. धरलेली सारी फळे ठेवण्याचा लोभ मात्र नसावा. मूठभर मातीत वाढणाऱ्या झाडाला पाच-सहा फळेही पुष्कळ झाली. उरलेली वेळीच खुडल्यास पुढच्या बहारासाठी झाडात जोम राहतो.