अफगाण राष्ट्रीय सेना

अफगाणिस्तानात २००२ मध्ये नव्याने उभारण्यात आलेली व ऑगस्ट २०२१ मध्ये लयास गेलेली शासकीय सेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या देशात खडी फौज अनेकदा बांधली गेली आणि मोडली. परकीय द्रव्यसाहाय्य हा तिचा मुख्य आधार राहिला. तो आटला, की सैनिकांचे वेतन व रसद थांबे आणि फौज वांशिक गटांत व टोळ्यांत विभागली जाई.

पूर्वपीठिका : अमीर शेर अलीची कवायती फौज दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात (१८७८–८०) विस्कळित झाली. अमीर अब्दुर रहमान (कार. १८८०–१९०१) याने ती पुन्हा बांधली. ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडून त्याला १८८३ पासून वार्षिक १२ लक्ष व १८९३ नंतर १८ लक्ष रुपये मिळत. याच फौजेच्या बळावर त्याने हजारांचे बंड मोडले आणि काफिरिस्तान जिंकले. १९१९ च्या युद्धानंतर अमानुल्लाने पूर्ण स्वातंत्र्य मिळविले. तथापि हा तनखा बंद झाला. सैन्याची आबाळ झाली आणि जानेवारी १९२९ मध्ये हबीबुल्ला कलकानी या बंडखोराने काबूल घेतले. त्याच वर्षी नादिरखानाने टोळ्यांच्या लष्करांच्या साहाय्याने राजधानी परत मिळवून सेनेची पुनर्रचना आरंभिली.

१९५६ पासून सोव्हिएट रशियाने शस्त्रास्त्रे पुरविली व अफगाण अधिकाऱ्यांना प्रशिक्षण दिले. १९७३ व १९७८ च्या राज्यक्रांत्यांत या अधिकाऱ्यांचा प्रमुख वाटा होता. मार्च १९७९ मध्ये हेरात येथील सैन्याने बंड केले; पुढे पलायनामुळे सैन्य निम्म्याहून कमी झाले. सोव्हिएट फौजा फेब्रुवारी १९८९ मध्ये परतल्यावरही राष्ट्राध्यक्ष नजीबुल्ला यांच्या सेनेने जलालाबाद राखले, कारण इंधन, धान्य व दारूगोळा येत होता. सोव्हिएट संघराज्य विघटित होऊन १९९२ च्या आरंभी हे साहाय्य थांबले. सेनानी दोस्तम विरोधकांना मिळाला आणि एप्रिलमध्ये राजवट कोसळली.

पुनर्रचना : तालिबानच्या पाडावानंतर २००२ मध्ये सैन्य उभारणीचे नेतृत्व अमेरिकेने स्वीकारले. डिसेंबर २००२ च्या आदेशान्वये ७०,००० ची कमाल मर्यादा ठरली. प्रादेशिक सरदारांच्या हजारो सैनिकांना निःशस्त्र करण्यात आले. पश्तुन, ताजिक, हजारा व उझबेक यांची मिश्र पलटण (कंदक) हा नव्या सेनेचा मूळ घटक होता. काबूल, गर्देझ, कंदाहार, हेरात व मझार-इ-शरीफ येथे कोरची मुख्यालये स्थापन झाली. तालिबानचा जोर वाढताच मर्यादा २००८ मध्ये १,३४,००० व २०१० मध्ये १,७१,६०० करण्यात आली. काही अफगाण छात्रांनी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिक्षण घेतले.

दोष : संख्यावाढीच्या घाईत गुणवत्ता मागे पडली. बहुतेक नवसैनिक निरक्षर होते. मुदत संपल्यावर अनेक जण पुन्हा नाव नोंदवीत नसत. पलायनही मोठे होते. हजेरीपटावर असूनही प्रत्यक्षात नसलेल्या सैनिकांचे वेतन काही अधिकारी लाटीत. पोलिसांसह सु. ३ लक्ष हा अखेरचा कागदोपत्री आकडा त्यामुळे फसवा होता. सेनेची घडण अमेरिकी पद्धतीवर झाली. सोव्हिएट बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरांची देखभाल अफगाण तंत्रज्ञ बव्हंशी स्वतः करीत. २०१७ पासून आलेल्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरांसाठी परदेशी कंत्राटदार अपरिहार्य ठरले. अमेरिकेने सुरक्षादलांवर दोन दशकांत सु. ८८ अब्ज डॉलर खर्च केले. एवढा भार अफगाण खजिन्याला पेलणारा नव्हता. तथापि हे सैन्य लढलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल : २०१४ पासून सुरक्षादलांचे ४५,००० हून अधिक लोक मारले गेल्याचे राष्ट्राध्यक्ष अशरफ घनी यांनी जानेवारी २०१९ मध्ये सांगितले.

विघटन : २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहा येथे अमेरिका व तालिबान यांच्यात करार झाला, त्यात अफगाण शासन सहभागी नव्हते. एप्रिल २०२१ मध्ये संपूर्ण माघारीची घोषणा झाली. कंत्राटदार निघून गेल्याने विमाने जमिनीवर राहू लागली आणि दूरच्या चौक्यांना हवाई मार्गाने पोहोचणारी रसद तुटली. वेढलेल्या तुकड्यांनी स्थानिक वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने शस्त्रे खाली ठेवली. ६ ऑगस्ट रोजी झरंज, १२ रोजी हेरात व कंदाहार आणि १५ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले. नजीबुल्लांची सेना परकीय फौजा गेल्यावर तीन वर्षे टिकली. २०२१ मध्ये फौजा, तंत्रज्ञ व हवाई पाठबळ जवळजवळ एकाच वेळी गेल्याने तेवढी उसंत मिळाली नाही.

तालिबानने सर्वसाधारण माफी जाहीर करून स्वतःची सेना उभारली. तरीही माजी अधिकारी व सैनिक यांच्या किमान २१८ हत्यांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालात आहे. अनेक माजी सैनिकांनी इराण व अन्य देशांत आश्रय घेतला.